ताशेरे कोण ओढतं, कुणावर?

मराठीत टीका करायची म्हटली की माणूस आधी दारूगोळा काढतो. शब्द बघा. टीकेचा भडिमार. प्रश्नांची सरबत्ती. आरोपांच्या फैरी. विरोधकांची तोफ धडाडली. अमक्याने तमक्याला धारेवर धरलं. आणि या सगळ्यांत पेपरवाल्यांचा लाडका शब्द म्हंजे ताशेरे. न्यायालयाने सरकारवर ताशेरे ओढले. समितीने प्रशासनावर ताशेरे ओढले. गाडीच्या डब्यात शेजारच्या दहा जणांना विचारा, ताशेरे म्हंजे काय रे? दहाही जण सांगतील, कडक टीका. बरोबर आहे. पण ताशेरा जन्माला आला तेव्हा टीका नव्हता. ताशेरा म्हणजे बंदुकांची एकदम झाडलेली फैर. जुन्या मराठी कोशांत हा अर्थ आहे. शिव्या, खरडपट्टी, ठपका हे अर्थ त्या फैरीवरून नंतर आले.

भाषाशास्त्र मला कुणी शिकवलं नाही. मी गिरणीत पाळ्या करतो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. शब्द कुठून आला हे मी एवढ्यासाठी शोधतो, की तो आधी कुणाच्या हातात होता आणि कुणाच्या छातीवर होता हे त्याच्या जन्मातच लिहिलेलं असतं. आपल्या चळवळीतली पोरं एकमेकांच्या कवितांवर, भाषणांवर, भूमिकांवर जे लिहितात ते वाचताना मला या ताशेऱ्याची फार आठवण येते. म्हणून हा लेख.

मी राहतो जूचंद्रला. वसईचा किल्ला इथून फार लांब नाही. १७३९ साली चिमाजी आप्पाच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. वेढा पडला, मोर्चे बांधले, तटाखाली सुरुंग पेरले, तोफांचा भडिमार झाला आणि मे महिन्यात किल्ला पडला. या वाक्यातले वेढा, मोर्चा, सुरुंग, भडिमार हे सगळे शब्द तेव्हा खरे होते. त्यांनी माणूस मरायचा. आज एखादा पुढारी दुसऱ्याच्या बालेकिल्ल्याला सुरुंग लावतो तेव्हा कुणाच्या अंगाला ओरखडासुद्धा उठत नाही. आपला रोजचा 'मोर्चा'च घ्या. मोर्चा म्हणजे आडोसा करून, तोफा मांडून लढायची जागा. 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ अजून टिकून आहे. आपण आझाद मैदानावर नेतो तो मोर्चा त्याच घराण्यातला. तेव्हाचा मोर्चा जमिनीत रुतून बसायचा, आताचा चालतो, एवढाच फरक. 'सरबत्ती'तली बत्ती म्हणजे तोफेला लावायची पेटती वात. 'फैर' तर सरळ इंग्रजांच्या 'फायर'वरून आली. म्हणजे आपल्या टीकेची भाषा पेशव्यांच्या आणि कंपनीच्या छावणीत शिकलेली आहे.

आता ही फैर झाडायचे कशी, ते नीट बघू. त्या काळची बंदूक नेमबाजीची नव्हती. नळी आतून गुळगुळीत, गोळी सैल बसायची. शंभरेक पावलांपलीकडे ती कुठे जाईल याचा भरवसा नाही. एकट्याने नेम धरून उपयोग नसायचा. म्हणून रांग उभी करायची, हुकूम द्यायचा आणि सगळ्यांनी एकदम झाडायची. चार-दोन गोळ्या लागायच्या, बाकी धूर आणि आवाज. समोरची रांग बिचकून मोडली की काम झालं. ताशेऱ्याचं तत्त्व हे असं आहे. नेम नसला तरी चालेल, सगळ्यांचा आवाज एकदम झाला पाहिजे. मित्रहो, हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

ही बंदूक आपल्याही लोकांच्या हातात होती. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावात कंपनीच्या पलटणीत महार शिपाई लढले. तिथल्या खांबावर 'नाक'ने संपणारी त्यांची नावं आजही कोरलेली आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचे. मग १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध विनंतीअर्ज लिहिला. अर्ज कोण वाचतो? पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ साली ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे मरणाची गरज पडली की बंदूक हातात द्यायची आणि गरज संपली की काढून घ्यायची. देणारा हात आणि घेणारा हात दोन्ही वरचे.

शब्दाचं तेच झालं. ताशेरा रणातून कागदावर आला तेव्हा कागद कुणाकडे होता? पंतोजीकडे, कारकुनाकडे, संपादकाकडे, न्यायाधीशाकडे. बंदूक झाडणाऱ्यांची नातवंडं तेव्हा शाळेच्या पायरीखाली बसून ऐकत होती. 'टीका' हा शब्दसुद्धा आपल्या घरचा नव्हे. टीका म्हणजे मुळात ग्रंथाचा अर्थ ओळीओळीने उलगडून सांगणं. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, ती या अर्थाने. ज्यांना ग्रंथाला हात लावायची बंदी होती ते त्यावर टीका काय लिहिणार? एका शब्दाने आपल्याला पोथीबाहेर ठेवलं, दुसऱ्याने पलटणीबाहेर.

क्रियापदही बदललं, ते बघण्यासारखं आहे. जुना ताशेरा झाडायचे. आताचा ताशेरा ओढतात. बंदूक कुणी ओढत नाही. ओढतात कोरडे, ओढतात आसूड. मला वाटतं, लोकांच्या कानातून बंदुकीचा आवाज गेला आणि त्या शब्दाला चाबकाचं क्रियापद येऊन चिकटलं. हा फरक साधा नाही. बंदूक झाडणारा समोर उभा असतो, उलट गोळी त्यालाही लागू शकते. कोरडे ओढणाऱ्याला उलट कुणी मारत नाही. एक उभा असतो, एक बांधलेला असतो. जोतीरावांनी १८८३ साली पुस्तकाला 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव दिलं तेव्हा त्यांनी नेमकी हीच गोष्ट उलटी केली. ज्याच्या पाठीवर असूड पडायचा त्याच्याच हातात तो दिला.

आता एक सरळ प्रश्न. कागदावरच्या ताशेऱ्याने कुणाला काय लागतं? ११ जुलै १९९७. घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली, वस्ती रस्त्यावर आली, राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. त्या गोळ्या अलंकार नव्हत्या. मग न्यायमूर्ती गुंडेवारांचा चौकशी आयोग बसला. त्याने सांगितलं, गोळीबार समर्थनीय नव्हता. असे अहवाल आले की पेपरात मथळा पडतो, आयोगाचे पोलिसांवर ताशेरे. गोळीबाराचा हुकूम देणारा अधिकारी सत्र न्यायालयात दोषी ठरायला २००९ साल उजाडलं. बारा वर्षं. वस्तीच्या वाट्याला खरी फैर आली, आणि फैर झाडणाऱ्याच्या वाट्याला आधी आला तो त्याच शब्दाचा कागदी अर्थ. शब्दाचे दोन अर्थ असतात म्हणतात. दोन अर्थ दोन वेगवेगळ्या अंगांवर पडतात, हे कोशात लिहीत नाहीत.

इंग्रजीत या ताशेऱ्याचा एक चुलतभाऊ आहे. फ्लॅक. इंग्रजी पेपरात मंत्री, नट, क्रिकेटवाला कुणीही 'ड्रॉज फ्लॅक', म्हणजे त्याच्यावर टीका झाली. हा शब्द जर्मन लष्करातला. फ्लीगर म्हणजे उडणारा, अब्वेअर म्हणजे बचाव, कानोने म्हणजे तोफ. विमानविरोधी तोफ. या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून फ्लॅक झालं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन वैमानिक जर्मन शहरांवर बॉम्ब टाकायला जायचे. खालून गोळे यायचे, ठरावीक उंचीवर फुटायचे, काळ्या धुराचे ढग व्हायचे आणि लोखंडाच्या चिपा उडायच्या. त्या माऱ्याला वैमानिक फ्लॅक म्हणू लागले. युद्ध संपलं, शब्द उरला. १९६० च्या दशकात अमेरिकेत त्याचा अर्थ झाला, झोंबणारी टीका.

इथं थांबून विचार करा. इंग्रजीत हा शब्द रुळवला कुणी? वर उडणाऱ्याने. बॉम्ब त्याने टाकायचे, आणि खालून उत्तर आलं की त्याला नाव द्यायचं. खाली कोण जळतंय ते या शब्दात नाही. आजही साहेब 'मला फार फ्लॅक सोसावा लागला' म्हणतो तेव्हा तो स्वतःला वर बसवूनच बोलत असतो. त्याने आधी काय टाकलं ते कुणी विचारत नाही. मराठीत ताशेरा वरून खाली येतो, इंग्रजीत फ्लॅक खालून वर जातो. इंग्रजीत 'ड्रॉ' करतो, म्हणजे ओढवून घेतो, तो ज्याच्यावर टीका झाली तो. मराठीत ओढतो तो टीका करणारा. दोन भाषांत एकच ओढाओढ, पण दोर उलट्या हातांत.

तुम्ही म्हणाल, मग आपलं लिखाण फ्लॅकसारखं, खालून वर जाणारं. वरचे बॉम्ब टाकतात, आपण तोफा उडवतो. आपली बाजू न्यायाची. मलाही हे वाक्य आवडलं असतं. पण त्या तोफा हिटलरच्या होत्या. १९४३ पासून जर्मनांनी शाळेतली पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्या तोफांवर उभी केली. त्यांच्या गावावर बॉम्ब पडत होते हे खरं. ते कुणाच्या राज्यासाठी गोळे भरत होते हेही तितकंच खरं. म्हणून गोळा खालून आला एवढ्यावर तो न्यायाचा ठरत नाही. तो कुणासाठी आणि कशावर उडवला हे वेगळं तपासावं लागतं. आणखी एक, एकेक विमान पाडायला हजारो गोळे लागायचे. आकाशभर धूर, विमानं मात्र बहुतेक पुढं निघून जायची.

धुराचं एक घरचं उदाहरण. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. लेखाचा प्रश्न होता, या देशात राष्ट्रध्वजाच्या अपमानाला जेवढी शिक्षा आहे तेवढीही दलित बाईच्या अब्रूला का नाही? केवढा प्रश्न. उत्तर द्यायला घटना काढावी लागली असती, कायदा काढावा लागला असता. पण मारा झाला तो ध्वजाबद्दलच्या शब्दांवर. असं लिहिणं शोभतं का, ही भाषा का, हा देशद्रोह नाही का? सगळ्या बंदुका एकदम झडल्या. धूर झाला. धूर विरल्यावर प्रश्न होता तिथंच उभा होता. ताशेऱ्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, प्रश्नाला न भिडता लढाई जिंकल्यासारखी वाटते.

हे प्रस्थापितांनी केलं, मान्य. आता आपण आपल्या पानांकडे येऊ, कारण हा लेख त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. दलित पँथर १९७२ ला निघाली आणि १९७४ ला फुटली. बुद्ध की मार्क्स, जात आधी की वर्ग आधी, हा वाद खरा होता, मोलाचा होता. तो पुरा मांडून झाला असता तर आज आपल्याला वापरता आला असता. त्यातून आपल्या हाताला जास्त करून काय लागलं? शिक्के. हा विकला गेला, तो कम्युनिस्टांचा, हा ब्राह्मणाळला. आजही एखाद्या पोराने प्रेमाची कविता लिहिली की आपल्यातले चौघे रांगेत उभे राहतात, चळवळीशी गद्दारी! एखादीने घरातल्या नवऱ्याच्या माराबद्दल लिहिलं की, हे बाहेर कशाला सांगायचं? एखाद्याने बुद्धावरची कविता कमजोर लिहिली तर मात्र सगळे गप्प, कारण विषय आपला. ही टीका नाही. ही फैर आहे. हुकूम आला की झाडायची, हुकूम आला की थांबायची. कवितेतली कुठली ओळ फसली, का फसली, हे चौघांतल्या एकालाही सांगता येत नाही, कारण नेम धरायची गरजच नसते.

यात खरं नुकसान कुणाचं? पांढरपेशा समीक्षकाचं नाही, तो आपली पानं उघडतही नाही. नुकसान त्या पोराचं, ज्याने पहिल्यांदा वही पुढं केली. समोरच्या गोळीबाराला तो तयार असतो, लहानपणापासून खातोय. पाठीमागून आलेल्या फैरीने तो लिहायचं सोडतो. आणि न लिहिलेल्या कवितेचं मढं कुणाला सापडत नाही, त्यावर चौकशी आयोगही बसत नाही.

मग टीका करूच नये का? करावी, कडक करावी. गोड बोलणारा मित्र मला नको. फक्त कशी करावी याचा आपल्याकडे नमुना आहे, तो बघा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि भाषण वाचून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी काय केलं? गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापुढं आपलं उत्तर ठेवलं. वाचणाऱ्याला दोन्ही समोर. विरोधकाचे शब्द लपवले नाहीत, तोडले-मोडले नाहीत. एकेक मुद्दा घेतला आणि उत्तर दिलं. त्या उत्तरात आच काय कमी आहे? पण ती आच मुद्द्यावर पडते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, तीही आधी परिषदेत रीतसर ठराव करून. कारण सांगितलं, मग काडी ओढली.

आमच्या धंद्यातलं सांगतो. कापड तयार झालं की तपासायला जातं. तपासणारा ताग्यावरून नजर फिरवतो. धागा तुटलेला, गाठ आलेली, डाग पडलेला दिसला की तिथंच खूण करतो. खूण बघून विणणाऱ्याला कळतं, कुठल्या जागी काय चुकलं. 'तुझं कापड भिकार' असं नुसतं ओरडणारा तपासनीस माग सुधारत नाही, फक्त माणूस खचवतो. आणि दोष दिसूनही खूण न करणारा त्याहून वाईट, कारण तो तागा बाजारात जाऊन सगळ्या खात्याची लाज काढतो. आमच्या जूचंद्रला रांगोळीचे मोठे कलाकार आहेत, माणसाचा हुबेहूब चेहरा जमिनीवर काढणारे. रांगोळीवर जोरात फुंकर घातली तर चित्रच जाईल. तिथं दोष सांगायचा तर बोट दाखवून सांगावं लागतं, ही पापणी जड झाली, इथं सावली उलटी पडली.

म्हणून आपल्या पुढच्या अंकांसाठी माझ्या तीन सूचना. पटल्या तर घ्या, नाही पटल्या तर कारण लिहून कळवा. पहिली, कुणाच्याही कवितेवर लिहिताना ती ओळ पुरी द्या. ओळ न देता केलेली टीका छापू नका, मग ती कितीही मोठ्या कार्यकर्त्याची असो. दुसरी, टीकेखाली खरं नाव द्या. फैरीत कुणाची गोळी कुणाला लागली ते कळत नाही, म्हणूनच रांगेतल्या प्रत्येकाला रात्री झोप लागते. आपल्याला तशी झोप नको. तिसरी, ज्याच्यावर टीका त्याला त्याच अंकात जागा द्या. लेख आधी त्याला दाखवा, त्याचं उत्तर शेजारी छापा. पानं वाढतील, शाई जास्त लागेल. वर्गणीत माझे पाच रुपये जास्त धरा.

आणि पहिली टीका कुणावर करायची हा प्रश्न असेल, तर गेल्या अंकातली माझी कविता घ्या. नेम धरून घ्या.

जयभीम.